जशी निघाली तशी

नियमपत्रकात एकच ओळ ठळक:
गाडी शोरूममधून जशी निघाली तशीच असावी.
आणि ती तशी आहे असं लिहून द्यायला मी,
उत्तरेश्वर गवंडगावे,
वही, पकड, शिशाच्या गोळ्या,
शिरूर ताजबंदच्या माळावर, सकाळी सातला.

अकरा वर्षं काढलीत मी लातूरच्या शोरूममध्ये,
नव्या गाड्या पुसण्यात.
म्हणून सांगतो, जशी निघाली तशी
कुठलीच गाडी निघत नाही.
ट्रकवरून उतरवताना खरचटलेलं दार
आम्ही रातोरात रंगवायचो.
सकाळी रिबीन, पेढ्याचा पुडा,
चाकाखाली लिंबू.
लिंबू फुटलं की गाडी त्या घराची झाली.
पहिला बदल तोच.
तो कुठल्या रकान्यात लिहू?

आधी मुंदड्यांच्या पोराची आली.
वरून कोरी करकरीत,
सीटवरचं प्लास्टिकही सांभाळून ठेवलेलं.
नईमोद्दीन मिस्त्रीचा हात मी कानानं ओळखतो:
त्यानं उघडलेलं इंजिन
थंडीतसुद्धा खाकरत नाही.
"मामू, हे काय करूलालास?"
तो पान सावरत म्हणाला,
"सगळं कंपनीचंच हाय.
कंपनीला जमलं नाही तेवढंच मी केलो."
मग पत्रकावर काळं बोट ठेवलं, कलम नऊवर:
आत लोखंडी पाइपांचा पिंजरा
वेल्डिंग करून घेणे बंधनकारक.
"ह्यो पिंजरा कोणत्या शोरूमातून निघाला, साहेब?"

मी पकड या हातातून त्या हातात घेतली.
मागच्या साली देवणीचा पोरगा
तीनदा पलटी खाऊन इथंच थांबला होता,
त्या बाभळीच्या अलीकडं.
पाइपामुळं वाचला.
डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही,
पण कालच त्याचा फोन होता,
यंदा नाव घेता का म्हणून.

सातवी, शिवकांता बिराजदार.
नऊ वर्षांची पांढरी गाडी, कागदावर वडिलांची.
रेडिएटरपुढं मच्छरदाणीची जाळी,
तारेनं टाके घालून शिवलेली,
मळणीचा भुसा आत जाऊ नये म्हणून.
बॅटरीशेजारी डांबरगोळ्यांची पुरचुंडी,
उंदरांसाठी.
नियमानं दोन्ही बाद.
"काढू का?" तिनं विचारलं,
जसं परक्याच्या उंबऱ्यात विचारतात,
चप्पल काढू का.

दोरीपलीकडं गर्दी जमू लागली होती.
एक मास्तर लेकराला खांद्यावर घेऊन ओरडला,
"ती बघ, आपली गाडी!"
आपली म्हणजे तशीच, दारात उभी असलेली,
अहमदपूरच्या बाजाराला जाणारी,
चढावर एसी बंद करावा लागणारी.
मुंदड्यांच्या गाडीला कुणी आपली म्हणालं नाही,
फोटो मात्र तिच्याजवळच काढले सगळ्यांनी.

खरं सांगू, कोरी गाडी बघायला
एवढ्या उन्हात कोण येतं?
माणसाला बघायचं असतं,
आपण हप्ते फेडतो ती वस्तू
एकदा तरी धूळ उडवत कशी जाते.
मग नियम लिहिणाऱ्यानं काय लिहावं?
मला विचाराल तर मीही नीट सांगू शकत नाही.
"ओळखू येईल इतपत" असं लिहिलं
तर नईमोद्दीन त्यातूनही टेम्पो काढेल.

मुंदड्यांची गाडी मापात बसली, म्हणून शिसं लावलं.
शिवकांताची बसत नव्हती,
तरी लावलं.
वहीत त्या ओळीवर चहा सांडलेला आहे,
तो मी मुद्दाम सांडला की कसा, हे विचारू नका.

पहिला आला मुंदड्यांचा पोरगा.
शिवकांता सहावी.
संध्याकाळी पहिली गाडी टेम्पोवर चढली,
ताडपत्री, चार दोऱ्या, हलक्या हातानं.
शिवकांता दारावरचा सात नंबर
नखानं खरवडत बसली होती.
चिकटपट्टी पूर्ण निघाली नाही.
वडील मागं पाइपांत वाकून बसले,
मांडीवर कांद्याची गोणी.
दोनदा चावी फिरवल्यावर गाडी खाकरली.

माळावर मागं एकही गाडी नव्हती,
तरी हाळीच्या फाट्यावर
तिनं डावा सिग्नल दिला,
आणि वळली.